बॅरिस्टर मु. रा. जयकर : जीवनपरिचय आणि आपल्या रस्त्याची गोष्ट



पावसाळा सरत आला की आमच्या भुईगावात एक दृश्य हमखास दिसतं. रस्त्यावरचं डांबर जागोजागी निघून गेलेलं असतं आणि सुटी झालेली खडी कडेला जमा झालेली असते. वाडीतून केळीची पानं नि फुलं घेऊन निघालेला टेम्पो त्यावरून जपून जातो, स्कूटरवाले तर पाय खाली टेकवतच जातात. यंदा सातवीतल्या एका मुलाने त्या खडीतला एक दगड वर्गात आणला. त्याची शंका अशी की दगड तर जसाच्या तसा आहे, कुठे फुटलेला नाही, मग रस्ता मोडला कसा?

प्रश्न फार चांगला आहे. रस्त्यात दगड बहुधा हरत नाही, दगडाला दगड धरून ठेवणारा पदार्थ हरतो. बांधकामातले लोक त्याला बाइंडर म्हणतात. आपल्याकडे आज तो पदार्थ म्हणजे डांबर. पण नेहमी डांबरच होतं असं नाही आणि पुढेही तेच राहील असं नाही. हे समजावून सांगताना मला एका अशा माणसाची गोष्ट सांगावी लागली, ज्यांचं नाव आपण इतिहासात पुणे कराराच्या एका ओळीत शिकवतो आणि पुढे जातो. ते म्हणजे बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. वकील, मध्यस्थ, न्यायाधीश, कुलगुरू. रस्त्यांशी त्यांचा काय संबंध, असं मलाही आधी वाटलं होतं.

जयकरांचा जन्म १३ नोव्हेंबर १८७३ रोजी मुंबईत, पाठारे प्रभू कुटुंबात झाला. १९०२ मध्ये ते मुंबईत एल्‌एल.बी. झाले, मग इंग्लंडला गेले आणि १९०५ मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करू लागले. संस्कृत आणि वेदान्त हा त्यांचा आवडीचा विषय. वासुदेव जगन्नाथ कीर्तिकर यांच्या वेदान्तावरच्या लेखांचा इंग्रजी ग्रंथ त्यांनीच संपादित करून १९२४ मध्ये प्रसिद्ध केला. थोडक्यात, कोर्ट आणि ग्रंथ यांत रमणारा माणूस. खडी, मुरूम, रोलर यांच्या जवळपासही नसलेला.

१९१९ मध्ये जालियनवाला बाग हत्याकांड झालं. काँग्रेसने स्वतःची चौकशी समिती नेमली. त्यात महात्मा गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर जयकर होते. या समितीने सतराशेहून अधिक लोकांच्या साक्षी तपासल्या. एकेका साक्षीची छाननी करायची, ऐकीव काय आणि पाहिलेलं काय ते वेगळं काढायचं, मग अहवाल लिहायचा, असं ते काम होतं. मला वाटतं, जयकरांच्या पुढच्या आयुष्याला या कामाने वळण दिलं. भाषणं करणारे पुढारी पुष्कळ होते. शांतपणे साक्षी ऐकून कागदावर निष्कर्ष मांडणारे थोडे.

१९२३ मध्ये ते स्वराज्य पक्षातर्फे मुंबई कायदेमंडळात गेले आणि तिथे पक्षाचे नेते झाले. पुढे पक्षाच्या अडवणुकीच्या धोरणाशी त्यांचं जमेना. जिथे सरकारकडून काही पदरात पाडून घेता येईल तिथे घ्यावं, या मताचे न. चिं. केळकर, डॉ. मुंजे आणि जयकर हे वेगळे झाले. १९२६ मध्ये जयकर मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून आले. आणि इथे रस्ते त्यांच्या वाट्याला आले.

आता थोडं थांबून त्या काळचा रस्ता कसा होता ते पाहू, कारण वर्गात मुलांना हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

तेव्हाचा चांगला रस्ता म्हणजे खडीचा रस्ता. स्कॉटलंडच्या जॉन मॅकॅडम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिलेल्या पद्धतीवरून तो आला होता. फोडलेली खडी पसरायची, दाबायची, की तिचे धारदार कोपरे एकमेकांत अडकून बसतात. आपल्याकडे त्यावर बारीक खडी आणि मुरूम टाकून पाणी मारायचे आणि रोलर फिरवायचा. ओला मुरूम फटींत शिरतो, सुकला की खडीला घट्ट धरतो. म्हणजे त्या रस्त्याचा बाइंडर काय? माती आणि पाणी! बैलगाडीला हा रस्ता पुरत असे. उलट गाडीच्या लोखंडी धावेखाली खडी थोडी थोडी भरडली जाई आणि तिची भुकटी पुन्हा फटींत बसे. धुळीनेच रस्ता बांधलेला राही.

मग मोटार आली. रबरी टायर वेगाने फिरतो तेव्हा तो धूळ दाबत नाही, ओढून बाहेर काढतो. मोटारीमागे जो धुळीचा लोट उठतो तो म्हणजे रस्त्याचा बाइंडरच उडून चाललेला असतो. धूळ गेली की खडी मोकळी, खडी मोकळी झाली की खड्डा, आणि पहिला पाऊस आला की विषय संपला. पहिल्या महायुद्धानंतर आपल्याकडे मोटारी वाढल्या तसे खडीचे रस्ते भराभर उखडू लागले. मातीपाण्याचा बाइंडर नव्या चाकाला पुरेनासा झाला होता. त्याला पर्याय होता तो डांबराचा. आज ज्याला आपण जुनं, नेहमीचं म्हणतो ते डांबर तेव्हा पर्यायी आणि महागडं होतं.

इथे एक शब्दाची गंमत सांगते. डांबर हा शब्द मुळात कोळशापासून निघणाऱ्या काळ्या चिकट पदार्थाचा. कपाटात ठेवायच्या डांबराच्या गोळ्या त्याच घराण्यातल्या. आता रस्त्यावर घालतात ते खनिज तेल शुद्ध करताना तळाला उरतं ते बिटुमेन. वस्तू बदलली, पण मराठीत नाव डांबरच राहिलं. परीक्षेत कुणी बिटुमेन लिहिलं तरी गुण द्यावेत!

तर अडचण अशी होती की हा महाग रस्ता करायचा कुणी? १९१९ च्या सुधारणांनंतर रस्ते हा विषय प्रांतांकडे गेला होता आणि प्रांतांनी त्यातला मोठा भाग जिल्हा लोकल बोर्डांवर सोपवला होता. लोकल बोर्डाकडे पैसा कुठला? मोटार एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जायची, आणि मोडलेला रस्ता ज्याच्या हद्दीत त्याच्या डोक्यावर. १९२७ मध्ये हा प्रश्न मध्यवर्ती कायदेमंडळात आला आणि एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष झाले बॅरिस्टर जयकर. सरकारी नाव लांबलचक होतं, लोक तिला जयकर समिती म्हणू लागले. आजही स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या पुस्तकात रस्त्यांचा धडा या नावानेच सुरू होतो.

समितीचा अहवाल १९२८ मध्ये आला. त्यातली पहिली गोष्ट ही की रस्ते आता प्रांत आणि लोकल बोर्ड यांच्या आवाक्याबाहेर गेले आहेत, तो देशाच्या हिताचा विषय मानावा. दुसरी गोष्ट पैशाची. पेट्रोलवर तेव्हा गॅलनला चार आणे कर होता, तो सहा आणे करावा आणि वरचे दोन आणे फक्त रस्त्यांसाठी वेगळे ठेवावेत. (गॅलन म्हणजे साधारण साडेचार लिटर.) तिसरी, ठिकठिकाणच्या अभियंत्यांना एकत्र येऊन अनुभव सांगता यावेत अशी एक संस्था असावी. चौथी, रस्त्यांवर शास्त्रीय संशोधन करणारी कायमची व्यवस्था असावी.

दुसऱ्या शिफारशीत वकिलाची हुशारी दिसते. ज्या गाडीचं चाक रस्ता मोडतं तीच गाडी पेट्रोल पिते. जितकी जास्त धावेल तितकं पेट्रोल, तितका कर. वेगळा हिशेब ठेवायची गरजच नाही. बैलगाडीवाल्या शेतकऱ्याला यात काहीच भरावं लागत नाही. सरकारने ही शिफारस लगेच मानली आणि १ मार्च १९२९ पासून केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. आधी तो पाच वर्षांपुरता होता, पण पुढे चालूच राहिला. निधीचा एक भाग केंद्राने स्वतःकडे राखला, तो प्रयोग, संशोधन आणि विशेष कामांसाठी. बाकीचा प्रांतांना, ज्या त्या प्रांतात पेट्रोल किती खपतं त्या प्रमाणात.

या शेवटच्या गोष्टीवर माझं थोडं वेगळं मत आहे. पेट्रोल जिथे जास्त खपतं तिथे आधीच मोटारी आणि बरे रस्ते असतात. ज्या गावात रस्ताच नाही तिथे पेट्रोल खपणार कसं आणि निधी येणार कसा? शहराला भरभरून आणि गावाला थेंबभर, असा हा हिशेब झाला. लगेचच जागतिक मंदी आली आणि सगळीकडेच हात आखडता घ्यावा लागला, हेही खरं. तरी राखून ठेवलेल्या त्या भागाचं महत्त्व मला जास्त वाटतं. रस्ता बांधायला पैसे देणारे पुष्कळ भेटतात. तो का मोडतो हे शोधायला पैसे बाजूला ठेवणारे कमी.

जयकर पुढे आपल्या मुख्य कामाकडे वळले आणि त्यांचं ते काम आपल्या पाठ्यपुस्तकांना ठाऊक आहे. १९३० मध्ये सविनय कायदेभंग चालू असताना ते आणि सर तेजबहादूर सप्रू तुरुंगातल्या नेत्यांना भेटून सरकारशी समेट घडवू पाहत होते. गोलमेज परिषदेला ते गेले. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याला गांधीजींचं उपोषण चालू असताना डॉ. आंबेडकर आणि हिंदू नेते यांच्यात जो करार झाला, त्याच्या वाटाघाटींत आणि सह्यांमध्ये जयकर होते. १९३७ मध्ये फेडरल कोर्ट स्थापन झालं तेव्हा पहिल्या तीन न्यायाधीशांपैकी ते एक होते. तिथून १९३९ मध्ये ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर गेले.

डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीत त्यांनी एक न रुचणारी सूचना मांडली. मुस्लिम लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी अजून आलेले नाहीत, तर उद्दिष्टांचा ठराव त्यांच्यासाठी थोडा लांबवावा, अशी ती होती. पुष्कळांना ती आवडली नाही. पुढे त्यांनी घटना समितीचा राजीनामा दिला. मध्यस्थाच्या वाट्याला हे नेहमीच येतं. दोन्ही बाजू त्याच्यावर थोड्या थोड्या नाराज असतात.

जयकर कोर्टात आणि परिषदांत गुंतले असताना त्यांच्या समितीच्या शिफारशी मात्र एकेक करून उभ्या राहत होत्या. डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. नावात काँग्रेस असलं तरी हा राजकीय पक्ष नव्हे, मुलांना हे आवर्जून सांगा. ही रस्ते बांधणाऱ्या अभियंत्यांची संस्था. कुठल्या रस्त्याला काय घालायचं, किती घालायचं, याचे देशभराचे नियम आजही तीच ठरवते. डिसेंबर १९४३ मध्ये आपल्या नागपुरात सगळ्या प्रांतांच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि वीस वर्षांची योजना ठरली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामीण रस्ते ही जी विभागणी आपण भूगोलात शिकवतो ती या नागपूर योजनेची. दर १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता, असं त्यांचं लक्ष्य होतं. गावांचा विचार इथे नीट झाला. आणि १९५२ मध्ये दिल्ली-मथुरा रस्त्यावर केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचं काम सुरू झालं. चौथी शिफारस पुरी व्हायला चोवीस वर्षं लागली.

जयकर तेव्हा पुण्यात होते. १९४८ मध्ये ते पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिले. गणेशखिंडीत गव्हर्नरसाहेबांचा जो बंगला होता तिथे त्यांनी विद्यापीठ उभं केलं. तिथलं ग्रंथालय त्यांच्याच नावाने आहे. आपल्यापैकी कित्येक जण बी.एड्.च्या किंवा एम.ए.च्या दिवसांत जयकर ग्रंथालयात बसले असतील. १० मार्च १९५९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांचं इंग्रजी आत्मचरित्र दोन खंडांत आहे.

आता पुन्हा त्या दगडाकडे येऊ. बिटुमेनने मातीपाण्याची जागा घेतली, पण त्याची स्वतःची दुखणी आहेत. उन्हाळ्यात ते मऊ पडतं, वर्षं जातात तसं कडक होऊन तडकतं. आणि त्याचा मोठा शत्रू पाणी. दगडाला बिटुमेनपेक्षा पाणी जास्त आवडतं असं म्हटलं तरी चालेल. तड्यातून पाणी आत गेलं, तिथेच साचून राहिलं, वरून गाड्यांचा दाब बसत राहिला, की दगडावरचा काळा लेप हळूहळू सुटतो. आमच्याकडे एका बाजूला समुद्र, जमिनीत थोडं खणलं की पाणी, आणि चार महिने धो धो पाऊस. रस्त्याच्या कडेचं गटार तुंबलं तर रस्त्याने जगायचं कसं? शिवाय आपल्या देशाला लागणाऱ्या बिटुमेनपैकी जवळपास निम्मं बाहेरून विकत आणावं लागतं. म्हणून १९२७ चा प्रश्न नव्याने आला आहे. डांबराला पर्याय काय?

एक उत्तर मदुराईहून आलं. तिथल्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी प्लास्टिकच्या पिशव्या, वेष्टनं यांचे बारीक तुकडे तापवलेल्या खडीवर टाकले. ते वितळून खडीवर पातळ थर बसला, मग त्यावर बिटुमेन. प्लास्टिकच्या लेपामुळे पाणी दगडापर्यंत सहज पोचत नाही आणि बिटुमेनही थोडं कमी लागतं. प्लास्टिकचं प्रमाण बिटुमेनच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के. पीव्हीसी मात्र चालत नाही, तापवलं की त्यातून विषारी वायू निघतो. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१३ मध्ये याचे नियम छापले. म्हणजे पुन्हा जयकर समितीने सुचवलेलीच संस्था. वासुदेवन सरांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. एका शिक्षकाने कॉलेजच्या प्रयोगशाळेत केलेलं हे काम, हे मी वर्गात दोनदा सांगते.

दुसरं उत्तर जुन्या टायरचं. टायरचा चुरा करून तो गरम बिटुमेनमध्ये मिसळतात, त्याने रस्त्याला लवचीकपणा येतो. शंभर वर्षांपूर्वी ज्या रबराने रस्ता मोडला तेच आता रस्ता धरायला घेतलं आहे.

तिसरं उत्तर आपल्या महाराष्ट्रात पाहायला मिळतं. झाडाच्या किंवा पिकाच्या काडीतले तंतू एकमेकांना घट्ट धरून असतात ते लिग्निन नावाच्या पदार्थामुळे. तो निसर्गाचाच बाइंडर. शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल करताना हे लिग्निन मागे उरतं. पुण्याची प्राज इंडस्ट्रीज आणि केंद्रीय रस्ते संशोधन संस्था यांनी त्यापासून जैव-बिटुमेन तयार केलं आणि नेहमीच्या बिटुमेनच्या काही भागाऐवजी ते वापरून नागपूर जिल्ह्यात मनसरजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वर रस्त्याचा एक पट्टा केला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचं उद्‌घाटन झालं. जिथे १९४३ ची योजना ठरली त्याच नागपूरच्या रस्त्यावर हे व्हावं याचा मला आनंद वाटतो. पण आपल्या वसईत त्याच्या दुपटीच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा इथे असा रस्ता करायचा तर इथेच तपासून पाहावा लागेल, हे मुलांना सांगायला विसरू नका. आणि कुठलाही बाइंडर घातला तरी गटार तुंबलेलंच राहिलं तर तो किती काळ टिकेल?

वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग देते. मूठभर खडी धुऊन दोन बशांत घ्या. एका बशीतली खडी उन्हात पूर्ण वाळवा, दुसरीतली ओलीच ठेवा. एका भांड्यात पाणी उकळत ठेवून त्यात दुसरं लहान भांडं बसवा आणि मेणबत्तीचं मेण वितळवा. हे काम शिक्षकांनी किंवा पालकांनीच करायचं, मुलांना दूर बसवायचं. वितळलेलं मेण दोन्ही बशांवर सारखंच ओता. गार झाल्यावर मुलांना दगड ओढून काढायला सांगा. वाळलेली खडी ढेकळासारखी घट्ट धरून राहते. ओल्या खडीवरून मेण सालीसारखं सुटून येतं. आमच्या वर्गात यानंतर फार बोलावं लागलं नाही. पावसाची भुरभुर चालू असताना खड्ड्यात डांबर ओतणं का व्यर्थ आहे हे मुलांनी आपणहून सांगितलं.

तिसरी बशी करायची असेल तर खडीत मुरूम कालवून, चेपून, दोन दिवस सुकू द्या. हा जयकरांच्या आधीचा रस्ता. त्याच्यावरून एक खेळण्यातली लोखंडी चाकाची गाडी आणि एक रबरी चाकाची गाडी जोरात फिरवून पाहा. मग वरून तांब्याभर पाणी ओता. वसईचा किल्ला सहलीत पाहणार असाल तर भिंतीतले दगड कशाने सांधले आहेत तेही दाखवा. तो चुना आहे, आणि त्याने शेकडो पावसाळे पाहिले आहेत.

शेवटी गृहपाठ. घरापासून शाळेपर्यंतचे खड्डे मोजायचे आणि प्रत्येक खड्ड्यापुढे लिहायचं की शेजारी पाणी साचतं की नाही. आमच्या मुलांच्या वह्या सध्या येत आहेत.